ठरल्याचा ट्रिगर, नकाराचा ट्रिगर

१२ जानेवारी १९८९

ताराचंदजींना कुठल्याशा पार्टीने दोन डायऱ्या भेट दिल्या. एक त्यांनी देवघरात ठेवली, दुसरी मला दिली. ही पगारवाढीच्या ऐवजी आहे, एवढं मला कळतं. तरी लिहून काढतो. कोरी ठेवली तर मार्चमध्ये परत मागतील, असा माणूस आहे.

मी जागेश्वर सोनकुसरे, वय सव्वीस, मुक्काम तांडापेठ, नागपूर. घराण्यात सगळ्यांनी माग चालवला. मी एकटा धंतोलीतल्या ताराचंदजींच्या संगणक केंद्रात एसीत बसतो. एसी मशीनसाठी आहे, माझ्यासाठी नाही, हे ताराचंदजी आठवड्यातून एकदा बजावतात.

नवा डेटाबेस आला आहे. अमेरिकेहून मुंबईमार्गे, बहुतेक बिलाशिवाय. कारण सोबतचं पुस्तक झेरॉक्स आहे, आणि ताराचंदजींनी झेरॉक्सवाल्याला "फालतू पन्ने छोड दो" असं सांगितल्यामुळे जिथे उदाहरणं नाहीत ती पानंच नाहीत. पण चीज भारी आहे. यात माहिती तक्त्यांमध्ये राहते, आणि एखाद्या तक्त्यातल्या ओळीत बदल झाला की आपोआप सुटणारा हुकूम आधीच लिहून ठेवता येतो. त्याला ट्रिगर म्हणतात. कोणी सांगायला नको, बटण दाबायला नको. आमच्या मोहल्ल्यात एका घरी भांडं पडलं की चार दारं उघडतात, तसं.

पहिला ट्रिगर मी आज लिहिला, तो आमच्याच समाजाच्या वधू-वर सूचक मंडळासाठी. मंडळ दर महिन्याला नोंदलेल्या प्रत्येक घरी चार स्थळं सुचवणारं पत्र पाठवतं. कोणाचं लग्न ठरलं की त्याच्या ओळीत "ठरलं" टाकायचं. मग ट्रिगर त्याचं नाव सुचवायच्या यादीतून काढतो आणि प्रिंटरवर एक शुभेच्छापत्र छापतो. मंडळाचे अध्यक्ष बाबनराव हेडाऊ ते पाहून इतके भारावले की त्यांनी मशीनला हळदकुंकू लावलं. एसीच्या वाऱ्याने निम्मं माझ्या शर्टावर आलं.

मंडळाची माहिती टाइप करायला त्यांची मुलगी प्रेमिला येते. आमच्याच गल्लीतली. टाइप झपाट्याने करते आणि चुका माझ्या काढते.

२५ जानेवारी

ट्रिगर उत्तम चालतो. कामठीच्या एका मुलाचं जमलं, प्रेमिलाने "ठरलं" टाकलं, आणि लगेच प्रिंटर खरखरला. ती दचकली. मी गादीवर बसलेल्या शेठसारखा हात हलवला.

बाबनरावांचं मात्र अवघड झालं आहे. अख्ख्या विदर्भाची लग्नं जमवणाऱ्या माणसाची स्वतःची मुलगी स्थळामागून स्थळ नाकारते. त्यात त्यांनी भर सभेत जाहीर केलं आहे की अध्यक्षाच्या मुलीचं लग्नसुद्धा मंडळात नोंदलेल्या मुलाशीच होईल, मागच्या दाराने नाही. आता शब्द फिरवता येत नाही.

मी प्रेमिलाला विचारलं, तुला नेमकं काय आवडत नाही?

ती म्हणाली, "जे येते ते."

"मग जे येत नाही ते आवडते काय?"

ती माझ्याकडे बघत राहिली. माझ्या शर्टावर अजून हळद असावी.

३ फेब्रुवारी

आज प्रेमिला तणतणत आली. "जागेश्वर, तो उमरेडचा मास्तर मले दुसऱ्यांदा आला गा! एकदा नाही म्हटलं त्याले. तुया मशीनले समजत नाही काय?"

मुद्दा बरोबर होता. नकार दिला तरी पुढच्या महिन्याला यादी पुन्हा तीच जोडी लावते. म्हणजे ओळीत "नकार" पडला की ती जोडी कायमची फोडायला हवी. आता प्रश्न असा की जुन्या ट्रिगरमध्येच ही भर घालायची, की नवा वेगळा लिहायचा? जुना छान चालतो, त्याला कशाला हात लावा? मी दुसरा लिहिला. त्याच तक्त्यावर, त्याच क्षणी चालणारा, नाव फक्त वेगळं. पुस्तकात याबद्दल काही दिसलं नाही. मशीननेही एका शब्दाने हरकत घेतली नाही. हरकत नाही म्हणजे मंजुरी, असा माझा अनुभव आहे.

काम होईपर्यंत प्रेमिला बसून होती. मी दोन चहा मागवले. ती म्हणाली, "तू नाव काहून नाही नोंदवत गा मंडळात? वय तर झालं."

मी म्हटलं, "मी आचारी आहो. आचारी पंगतीत बसत नाही."

मला हे वाक्य फार आवडलं. तिने चहा तसाच ठेवला. टपरीवाल्याने साखर कमी टाकली असणार, त्याला उद्या सांगतो.

१० फेब्रुवारी

उमरेडचा मास्तर गेला. यादीत प्रेमिलासमोर आता पुन्हा उगवत नाही. माझ्या कारकिर्दीतलं पहिलं समाजकार्य.

१९ फेब्रुवारी

प्रेमिलाचं ठरलं.

मुलगा बळीराम धकाते, गाव उमरेड (मास्तर नव्हे, दुसरा), पाटबंधारे खात्यात, स्वतःची स्कूटर. बाबनराव सांगतात, गेल्या रविवारी पाहुणे आले आणि ती एकदम "हो" म्हणाली. इतके नकार दिल्यावर एकदम हो. बायकांचं काही कळत नाही.

तिने स्वतःच्या ओळीत स्वतःच "ठरलं" टाकलं. शेवटचं बटण असं दाबलं की मला कीबोर्डची काळजी वाटली. मी म्हटलं, "अभिनंदन."

ती म्हणाली, "बस? इतलंच?"

म्हणून मी "मनःपूर्वक" जोडलं.

शुभेच्छापत्र मात्र प्रिंटरमधून आलं नाही. रिबन सुकली असावी. ताराचंदजींकडे नवी मागितली तर ते म्हणाले, "पहले वाली को उलटा लगाओ."

२२ फेब्रुवारी

तीन दिवस जेवण जात नाही. परवाचं सावजीचं मटण असणार. पण ते मी लहानपणापासून खातो, आजवर कधी बाधलं नाही.  आईने ओव्याचा काढा दिला. उपयोग नाही.

५ मार्च

मार्चची पत्रं गेली. गठ्ठे बांधून मी आणि प्रेमिलाने इतवारीच्या पोस्टात नेऊन दिले. रस्त्याने मी तिला नवरा कसा आहे विचारलं. म्हणाली, "चांगला आहे. विचारलं तं उत्तर देते."

चांगला गुण आहे. मी तसं म्हटलंही.

९ मार्च

सत्यानाश.

सकाळी केंद्र उघडायच्या आधीच पायरीवर तीन घरची माणसं बसली होती. ज्यांची लग्नं नुकतीच ठरली आहेत, ती सगळी नावं मार्चच्या पत्रांत पुन्हा स्थळ म्हणून गेली. रामटेकच्या एका मुलीला तिच्या स्वतःच्या बहिणीचा नवरदेव सुचवला आहे, "अनुरूप" असा शेरा मारून. एका म्हाताऱ्याने मला विचारलं, "बाबू, माह्या पोरीचं लगन माघातच झालं. आता काय दुसरं कराचं?" मी नाही म्हटलं. तो म्हणाला, तसं लिहून द्या.

पण सगळ्यात वाईट दुपारी आलं. बळीरामचा धाकटा भाऊ गोविंदा, तोही मंडळात नोंदलेला. त्याला आलेल्या चार स्थळांत पहिलं नाव कुमारी प्रेमिला बाबनराव हेडाऊ. पाटबंधारे खात्यातल्या भावाची होणारी बायको धाकट्याच्या पाकिटात! बळीरामच्या आईने, कांताबाईंनी, निरोप धाडला आहे: एका पोराले देता आन् दुसऱ्याले दाखवता, हा काय प्रकार आहे? पोरगी राहू द्या तुमच्याचपाशी.

बाबनराव खुर्चीत बसले ते उठेनात.  त्यांना पाणी दिलं. मंडळाच्या अध्यक्षाच्या मुलीचं ठरलेलं लग्न मंडळाच्याच पत्राने मोडतं आहे, आणि ते पत्र मी छापलं. ताराचंदजी फक्त एवढंच म्हणाले, "बेटा, डायरी वापस कर देना।"

मला आज फार वाईट वाटलं. नोकरीचं नाही. तिचं.

११ मार्च

सापडलं.

डेटाबेस आपल्या सगळ्या ट्रिगरांची नोंद स्वतःजवळ ठेवतो. ती काढून पाहिली. मंडळाच्या तक्त्यावर दोन असायला हवेत. एकच होता, नकाराचा. ठरल्याचा गायब! मी नाही पुसला, कोणीच नाही पुसला. मग एका खोट्या तक्त्यावर प्रयोग केला. एक लिहिला, मग त्याच तक्त्यावर त्याच कामाच्या वेळी चालणारा दुसरा लिहिला. पहिला गेला. या डेटाबेसात एका तक्त्याच्या एका घटनेला एकच ट्रिगर राहतो. नवा आला की तो जुन्याच्या जागेवर बसतो, आणि मशीन हूं की चूं करत नाही. हे पुस्तकाच्या ज्या पानावर असणार ते पान "फालतू" म्हणून झेरॉक्सवाल्याकडे राहिलं. तरी पान ताराचंदजींनी सोडलं असलं, तपासून मी पाहिलं नव्हतं. तीन फेब्रुवारीपासून ज्याचं ज्याचं ठरलं त्याचं नाव यादीतून निघालंच नाही. प्रिंटरची रिबन बिचारी निर्दोष.

प्रेमिला मागे उभी होती. मी सगळं समजावलं. ती म्हणाली, "म्हणजे नवा आला का जुना जाते? आन् कोणी काही बोलत नाही?"

"कोणीच नाही."

ती हसायला लागली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. लग्न मोडायला आलं आहे आणि ही हसते. धक्का बसला असावा.

मग दुरुस्ती. दोन्ही कामं एकाच ट्रिगरमध्ये घालायची: ओळ बदलली की आधी बघ काय पडलं, "ठरलं" असेल तर हे कर, "नकार" असेल तर ते कर. या मशीनवर ट्रिगरला ठिगळ लावता येत नाही. आधी असलेला काढून टाकायचा, मग अख्खा नव्याने लिहायचा. मधल्या वेळात कोणी काही टाइप केलं तर पुन्हा बोंब. म्हणून मी प्रेमिलाला म्हटलं, "हात वर कर." तिने पोलिसांनी पकडल्यासारखे दोन्ही हात वर केले आणि तशीच बसून राहिली. काम झालं तरी मी "खाली कर" म्हणायला थोडा उशीर केला. का केला, माहीत नाही.

तपासून पाहिलं. खोट्या नवऱ्याचं ठरवलं, प्रिंटर खरखरला. खोट्या नवरीचा नकार टाकला, जोडी फुटली. मग राहिलेली खरी नावं एकेक करून हाताने यादीतून काढली.

बाबनराव म्हणाले, "जागेश्वर, तूच जा उमरेडले. मशीनची चूक होती हे तूच सांगू शकतं."

प्रेमिला म्हणाली, "नको जाऊ."

मी म्हटलं, "असं कसं? तुझ्या लग्नाचा प्रश्न आहे."

"म्हणूनच म्हणून राहिली."

स्वाभिमानी मुलगी आहे. पण कर्तव्य ते कर्तव्य.

१४ मार्च

उमरेडला जाऊन आलो. एसटीत एका बाईची कोंबडी माझ्या मांडीवर होती. ती वाटभर शांत बसली, मी नाही.

कांताबाई म्हणजे उभ्या अंगाची, कडक बाई. मला चहा दिला पण बसा म्हटलं नाही. मी उभ्याने ट्रिगर समजावला. तक्ता, ओळ, घटना, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे मशीन विसरली?"

"नाही काकू. मशीनला मी विसरवलं. चूक माझी. प्रेमिलाने त्याच दिवशी ठरलं म्हणून लिहिलं होतं, मी स्वतः पाहिलं. तिच्यात काही खोट नाही. तिच्यासारखी मुलगी तुम्हाला..." आणि मग मी काय काय बोललो ते नीट आठवत नाही. ती चूक लगेच पकडते, कोणाला फुकट मोठं म्हणत नाही, हसते तेव्हा टाइप करणं थांबवते, असं बरंच काही. गोविंदा तोंड उघडं टाकून ऐकत होता. कांताबाईंनी मला शेवटी पाट दिला आणि म्हणाल्या, "बस बाबू. पोट्टा खरं बोलून राहिला. राहू द्या, लगन होईन."

म्हणजे मी यशस्वी झालो.

बळीराम मला स्कूटरवर स्टँडपर्यंत सोडायला आला. सरळ माणूस आहे. वाटेत म्हणाला, "भाऊ, पाहाले आलो तेव्हा ती माह्यासंग दहा मिनिटं बोलली. त्यातली आठ मिनिटं तुमच्याबद्दल. जागेश्वर असा बावळट आहे, जागेश्वरले असं समजत नाही."

मी माफी मागितली. म्हटलं, आता तसं होणार नाही.

त्याने स्कूटर थांबवून माझ्याकडे पाहिलं. "तुमचं लगन झालं?"

"नाही."

"नोंदवलं?"

"नाही."

त्याने स्कूटर सुरू केली आणि मला स्टँडवर आणून सोडलं. मग म्हणाला, गाडी लागली तुमची.

परतताना डोळ्यांतून पाणी येत होतं. खिडकीची काच फुटकी होती, धूळ फार.

१५ मार्च

प्रेमिलाला सांगितलं: जमवून आलो, लग्न पक्कं.

ती उठली. म्हणाली, "तू बैल आहेस. बैलालेही ओढताना समजते का आपण काय ओढून राहिलो." आणि गेली. दिवसभर आली नाही. मंडळाचे नकार तसेच पडून आहेत, मी ते टाइप करायला घेतले आणि प्रत्येक ओळीत चुकलो.

मला वाटतं, मला तिच्या नसण्याचा त्रास होतो आहे. हे आधी कधी लक्षात आलं नव्हतं, कारण ती असायची.

१८ मार्च

आज बळीराम स्वतः आला. इस्त्रीचा शर्ट, हातात हेल्मेट. बाबनराव होते, प्रेमिला कामावर परतली होती, आणि ताराचंदजी बिल घ्यायला थांबले होते. तो बाबनरावांच्या पाया पडला आणि म्हणाला, "काका, माह्याकडून नकार लिहा. पोरीत दोष नाही. माह्यातही नाही. आईले मी समजावतो." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "भाऊ, तुमचं मशीन सुधारलं. आता तुमीही सुधरा." आणि गेला. असा मोठ्या मनाचा माणूस मी फार पाहिला नाही.

बाबनराव डोकं धरून बसले. प्रेमिलाने न सांगता कीबोर्ड ओढला आणि स्वतःच्या ओळीत "नकार" टाकला. जोडी फुटली. ट्रिगर चोख चालला, आणि तेव्हाच माझ्या लक्षात आलं की घोटाळा आहे. एकदा ठरलेलं मोडू शकतं हा विचारच मी केला नव्हता. बळीरामचं नाव तिच्या समोरून गेलं, पण तिचं स्वतःचं नाव सुचवायच्या यादीत परत आलं नाही. ट्रिगर तिला काढू शकतो, परत घालू शकत नाही. अशीच राहिली तर तिचं स्थळ कधीच कोणाला जाणार नाही.

मी म्हटलं, "थांब, पाच मिनिटं. हात वर कर. ट्रिगर पुन्हा बदलतो, मोडलं तर नाव परत यादीत, असं घालतो."

तिने हात वर केले नाहीत. कीबोर्डवरच ठेवले. "नको बदलू."

"अगं पण मग तुझं नाव कोणालाच दिसणार नाही."

"हो."

"एकाही मुलाला नाही."

"हो गा."

"मग तुझं लग्न कसं..."

 ताराचंदजी, ज्यांना मराठी निम्मी समजते, ते कपाळावर हात मारून म्हणाले, "हे भगवान, अब तो मैं भी समझ गया।"

तेव्हा मला समजलं. कानशिलं इतकी तापली की एसीचा उपयोग राहिला नाही. जेवण का जात नव्हतं, तेही समजलं. सावजीची क्षमा मागायला हवी.

मी म्हटलं, "प्रेमिला, मी... मले... तुले चालन काय?" आयुष्यात इतका वाईट हुकूम मी कधी लिहिला नाही, पण तो चालला. ती हसली आणि टाइप करणं थांबवलं. बाबनरावांनी डोकं वर केलं आणि म्हणाले, "मंडळाचा नियम आहे. आधी नोंदणी. फोटो लागते."

ट्रिगर बदलला नाही. आहे तसाच ठेवला.

१९ मार्च

आई अंगणात शेजारच्या मागासाठी कांड्या भरत होती. मी तिच्यापाशी बसून घसा साफ केला आणि सांगितलं की बाबनरावांची प्रेमिला मला पसंत आहे, तू त्यांच्याकडे जाऊन बोलशील का?

आईचा चरखा थांबला नाही. "मी संक्रांतीलेच जाऊन आली," ती म्हणाली. "त्यायची हरकत नोयती. प्रेमिला तं दारामागं उभी राहून ऐकत होती. बाबनराव म्हणाले, पोराले फक्त नाव नोंदवू द्या, समजू का त्याची मर्जी आहे. दोघंबी वाट पाहत बसले."

म्हणजे त्या चहाच्या दिवशी ती मलाच विचारत होती. आणि मी आचारी झालो.

"मग मला सांगितलं का नाहीस आई?"

"सांगितलं होतं. तू त्या झेरॉक्सच्या पुस्तकात तोंड घालून बसला होता. म्हणाला, आई, हे पान फालतू आहे काय ते पाहू दे आधी."